रात्री साडेआठचा प्रश्न

आयटीतल्या नवरा-बायकोची भांडणं कशावरून होतात याची कुणी यादी केली तर त्यात पैसा येईल, सासर-माहेर येईल, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल येईल. आमच्याकडे पहिला नंबर एका अगदी साध्या प्रश्नाचा होता. वेळ रात्री साडेआठ. माझा अमेरिकेबरोबरचा कॉल संपायच्या बेतात, बायको हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून सोफ्यावर बॅग टाकून बसलेली, आणि दोघांपैकी ज्याला आधी भूक लागेल तो विचारणार, "आज काय करायचं?"

प्रश्न दिसायला साधा, पण त्याच्या पोटात दहा प्रश्न. फ्रीजमध्ये काय उरलंय? कणीक आहे का? मटकी भिजवायची होती, ती कुणी भिजवली का? (नाही.) गॅस संपत आलाय ना? ओटा कोण आवरणार? दिवसभर डोकं चालवून झाल्यावर या दहा प्रश्नांची उत्तरं शोधायची ताकद दोघांतही नसायची. मग फोन काढायचा, अ‍ॅप उघडायचं, काय मागवायचं यावर वीस मिनिटं वाद घालायचा आणि पावणेदहाला कोमट पनीर खायचं. तेवढ्या वेळात पिठलं-भात होऊन भांडीसुद्धा घासून झाली असती. हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. रोज कळायचं, पावणेदहाला.

एका शनिवारी (दुसरं काही काम नव्हतं म्हणून) मी महिन्याच्या सगळ्या ऑर्डरी एक्सेलमध्ये उतरवून काढल्या. बेरीज आली ११,४०० रुपये. दोन माणसांची. त्यात डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी असल्या गोष्टींचा आकडा वेगळा काढला आणि मुकाट्यानं तो कॉलम लपवून टाकला. पण त्याहून वाईट वाटलं ते फ्रीजचा खालचा कप्पा उघडल्यावर. रविवारी मोठ्या उत्साहानं मंडईतून आणलेली मेथी पिवळी पडलेली, कोथिंबीर काळी आणि एक दुधी, जो कधी आणला ते दोघांनाही आठवेना. म्हणजे एकाच जेवणाचे आम्ही दोनदा पैसे देत होतो. एकदा मंडईत, एकदा अ‍ॅपवर.

असो. तर त्यानंतर लगेच, एप्रिलमध्ये, चार दिवस गावाला जायचा योग आला.

माझं गाव गारगोटी. कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटर, भुदरगड तालुक्याचं ठिकाण, वेदगंगेच्या काठावर. पुण्याच्या मित्रांना सांगताना मी "कोल्हापूर" म्हणून मोकळा होतो, पण एसटीनं कूर सोडलं आणि उसाच्या पट्ट्यामागं डोंगर दिसायला लागला की खरं गाव सुरू होतं.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे चटणीचा महिना. इतर ठिकाणच्या वाचकांसाठी खुलासा: कोल्हापूरकडे 'चटणी' म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे. चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट. आमटीला तेच, उसळीला तेच, रश्श्याला तेच, आणि काहीच नसेल तर भाकरीवर तेल घालून तेच. आमच्या घरी वर्षाला चार किलो मिरची लागते. निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला. देठं काढायची, ऊन दाखवायचं, धने, तीळ, खोबरं, गरम मसाला वेगवेगळं भाजायचं, कांदा तळायचा, आणि सगळं घेऊन डंकावर जायचं. डंकाच्या दारातच शिंकांनी स्वागत होतं. मग घरी येऊन कांदा, लसूण, मीठ, तेल घालून कालवायचं आणि बरणीत दाबून भरायचं. पाण्याचा अंश नाही, मीठ आणि तेल भरपूर, म्हणून ती वर्षभर टिकते. ओला चमचा घातला तर मात्र आई खवळते.

तर चटणी भरून झाल्यावर बरण्या ठेवायला मी कोठीच्या खोलीत गेलो. लहानपणापासून शेकडो वेळा गेलोय, पण डोक्यात एक्सेल घेऊन पहिल्यांदाच गेलो. एका बाजूला तांदळाची कणगी. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत ज्वारी आणि नाचणी, त्यात कडुनिंबाचा पाला. एरंडेल चोळून ठेवलेली तूरडाळ. मीठ लावून गोळे केलेली चिंच. गुळाची ढेप. शेंगांचं पोतं. सांडगी मिरची, पापड, कुरडया. सणासाठी शेजारच्या आजरा तालुक्यातल्या घनसाळ तांदळाचा एक वेगळा डबा, कारण तो शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो (या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय).

संध्याकाळी आईला विचारलं, "तुला कधी प्रश्न पडत नाही का, आज काय करायचं म्हणून?"

आई म्हणाली, "संध्याकाळचं संध्याकाळी ठरवायचं नसतंय रे. रात्री कडधान्य भिजत घालायचं, सकाळी फडक्यात बांधायचं. दुसऱ्या दिवशी मोड येतेत. मग काय करायचं ते मटकीच सांगती की."

मला एकदम साक्षात्कार झाला. आईचं स्वयंपाकघर म्हणजे अप्रतिम डिझाईन केलेली सिस्टीम आहे! जे वर्षातून एकदा करता येतं ते वर्षातून एकदा: चटणी, चिंच, पापड. जे आठवड्यातून एकदा करता येतं ते आठवड्यातून एकदा: शेंगदाण्याचं कूट, दळण, खोबऱ्याचं वाटण. जे आदल्या रात्री करता येतं ते आदल्या रात्री. ऐन वेळेला फक्त फोडणी. आपण ऑफिसात बॅच प्रोसेसिंग आणि कॅशिंग म्हणून ज्याचे पगार घेतो ते ही बाई चाळीस वर्षं फुकट करतेय. (या वाक्यातला 'फुकट' हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.)

पुण्याला परतताना डिकीत चटणी, तांदूळ, गूळ, शेंगा आणि डोक्यात योजना.

योजना जोरात सुरू झाली. फ्रीजवर आठवड्याचा तक्ता लागला. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी पिठलं, गुरुवारी आमटी-भात, शुक्रवारी थालीपीठ. बाहेरून मागवायचं ते फक्त महिन्यातून तीन-चारदा. पहिल्या महिन्यात बाहेरच्या खाण्याचा खर्च ११,४०० वरून २,१०० वर आला. म्हणजे ९,३०० रुपये वाचले! दुसऱ्या महिन्यातही तेच. मी आलेख काढला. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोघांना दाखवला. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "छान केलंस," आणि मग जरा थांबून, "ती दमत न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, "नाही गं, सगळं सिस्टीमनं चाललंय."

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी बायकोनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. माझीच एक्सेल फाईल, पण त्यात एक नवीन शीट. तिनं दोन आठवडे, कुणाला न सांगता, स्वयंपाकघरात कोण किती वेळ घालवतं ते लिहून ठेवलं होतं. मीही त्याच घरात होतो आणि मला पत्ता नव्हता, यातच सगळं आलं.

दोन आठवड्यांत ती ३१ तास. मी ९.

मी आधी अर्थातच वाद घातला. भाजी मी आणतो, कुकर मी लावतो, तक्ता मी केला. ती शांतपणे म्हणाली, "तक्ता तू केलास. मटकी कोण भिजवतं? दळण संपत आलंय हे कुणाला माहीत असतं? मंगळवारी उसळ आहे म्हणजे रविवारी रात्री भिजवायला हवी, हे तुझ्या तक्त्यात कुठं आहे?"

नव्हतं. तक्त्यात फक्त पदार्थाचं नाव होतं. त्या नावामागची सगळी आठवण तिच्या डोक्यात होती.

मग तिनं हिशेब मांडला. योजनेच्या आधी तिचे आठवड्याला आठेक तास स्वयंपाकघरात जायचे. आता साडेपंधरा. म्हणजे महिन्याला तीस तास जादा. माझे जवळजवळ होते तेवढेच. "तुझे ९,३०० रुपये इथून आलेत," ती म्हणाली. "तू खर्च कमी केला नाहीस. खर्च माझ्या खात्यावर टाकलास आणि तिथं लिहिलं शून्य."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तो शून्य बघून मला माझ्या आलेखाची लाज वाटली.

हे आमच्याच घरातलं आहे असं समजायचं कारण नाही. सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. तेही जे पुरुष काम करतात त्यांचीच सरासरी. असे पुरुष शंभरात २६ च होते. २०२४ मध्ये हीच पाहणी परत झाली. बायकांची मिनिटं झाली २८९ आणि पुरुषांची ८८. बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं याचा आनंद मानावा, तर पुरुषांनी पण नऊ मिनिटं काढून घेतलेली. फरक २०२ मिनिटांवरून २०१ वर. पाच वर्षांत एक मिनिट! एवढ्या हळू तर आमच्या ऑफिसातला सर्व्हरपण अपग्रेड होत नाही.

त्या रात्री मला कोठीची खोली पुन्हा आठवली आणि यावेळी ती वेगळी दिसली. मी बरण्या मोजल्या होत्या. मिरचीची देठं काढणारी बोटं मोजली नव्हती. चार किलो मिरचीची देठं काढल्यावर रात्रभर हात पेटलेले असतात, आई लोण्यात हात बुडवून बसायची. सकाळी साडेपाचला चूल, पुढं गॅस, रात्री साडेदहाला शेवटचं भांडं. आणि आमचे बाबा? अतिशय सज्जन माणूस. कुणाला दुखावलं नाही, एका पैशाचं व्यसन नाही. पण एकदा आजी आजारी म्हणून आई पंधरा दिवस माहेरी गेली तर बाबा दोन्ही वेळा खानावळीत. कोठीत वर्षाची बेगमी भरलेली, आणि त्या घरातल्या माणसाला तिचा भात करता येईना.

आमच्या क्षेत्रात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. प्रोजेक्टमधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर एक असेल तर सिस्टीम कितीही सुंदर असो, डिझाईन चुकलंय. आईच्या स्वयंपाकघराचा बस फॅक्टर एक होता. आणि मी तेच डिझाईन डिकीत घालून पुण्याला आणलं होतं, फक्त माणूस बदलला होता.

यात एक गंमत आहे, आणि ती आमच्या गावाशीच संबंधित आहे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ ज्यांनी उभं केलं ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे, म्हणजे कोठारी आयोगाचे, सदस्य-सचिव होते. शिक्षणात प्रत्यक्ष हातानं केलेल्या कामाचा अनुभव असलाच पाहिजे ही त्या आयोगाची एक महत्त्वाची शिफारस. पुढं शाळेत आपण सगळ्यांनी जो 'कार्यानुभव' नावाचा तास भोगला तो त्याच विचारातला. आता आठवून बघा, तुम्ही कार्यानुभवात काय केलंत? मी कागदाची फुलं केली. खडूच्या डबीचा पेनस्टँड केला. त्या फुलांचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. त्या तासाला कुणी मला फक्त भाताला पाणी किती घालायचं एवढं शिकवलं असतं, तर ती जन्माची शिदोरी झाली असती.

तर मग आम्ही योजना मोडीत काढली का? नाही. मोडलेली गोष्ट फेकून द्यायची सवय इंजिनिअरला नसते. आम्ही ती परत लिहिली, यावेळी दोघांनी बसून.

पहिला बदल म्हणजे मालकी. आता एक आठवडा माझा, एक तिचा. माझ्या आठवड्यात सगळं माझं. शिजवणं तर आहेच, पण आठवणंही माझंच. मटकी भिजवणं, दूध संपतंय हे बघणं, गॅसचा नंबर लावणं, सगळं. दुसऱ्यानं मदत करायची ती सांगितल्यावर, आणि आठवण मात्र करून द्यायची नाही. हा नियम पाळणं बायकोला फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात मी कडधान्य भिजवायला विसरलो आणि ती ते बघूनही गप्प बसली. आम्ही मंगळवारी चटणी-तेल-भाकरी खाल्ली. नंतर मी विसरलो नाही.

दुसरा बदल, सगळं मापात लिहिणं. आईला विचारलं की उत्तर येतं, "घालायचं की अंदाजानं." अंदाज ही मोठी कला आहे पण ती एकाच माणसाच्या डोक्यात राहते. आमच्याकडे सासूबाईंनी लग्नात दिलेलं 'रुचिरा' होतं, वेष्टनासकट. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं. ते इतकं का चाललं असेल याचं उत्तर मला ते उघडल्यावर मिळालं: वाटी आणि चमचा. घरातल्याच वाटी-चमच्यानं मोजलेलं प्रमाण. जिच्याजवळ शिकवायला आई नाही किंवा सासू नाही तिलाही पहिल्या दिवशी जमावं अशी सोय. ते 'तिला' माझ्या बाबतीत 'त्याला' झालं, एवढंच. आम्ही आईचे पंधरा पदार्थ फोनवरून विचारून विचारून वाटी-चमच्यात उतरवले. पिठल्याला एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. हे एवढं वाक्य आईकडून काढायला अर्धा तास लागला.

तिसरा बदल, रविवारचे दीड-दोन तास दोघांनी मिळून. दोन वाट्या कडधान्य भिजवायचं. कांदा-खोबरं भाजून वाटण करायचं आणि छोट्या डब्यांत फ्रीझरला टाकायचं. शेंगदाणे भाजून कूट. लसूण सोलून. कोथिंबीर निवडून, पूर्ण कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात. अशी ती आठवडाभर टिकते, पाण्याचा थेंब राहिला तर तीन दिवसांत काळी पडते. एवढं घरात असलं की रोजचा स्वयंपाक तीस-पस्तीस मिनिटांचा होतो. रेडिओ लावून गप्पा मारत केलं तर वेळ बरा जातो.

चौथा बदल मला सगळ्यात जड गेला. पोळ्या-भाकऱ्या आम्ही बाहेरून घेतो. कोपऱ्यावर एका काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज सहा भाकऱ्या, २० रुपयांना एक, कामाचे वीस दिवस, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. गारगोटीच्या मुलानं भाकरी विकत घ्यायची म्हणजे काय! पण ती शीट समोर होती. मोजणी केली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ पीठ मळण्यात, भाकरी थापण्यात आणि नंतर ओटा पुसण्यात जात होता. काकूंच्या हाताला ती सवय आहे, मोठा तवा आहे, आणि त्या त्यांच्या वेळेचे पैसे घेतात. घ्यायलाच हवेत. भाकरी थापणाऱ्या बाईला पैसे मिळतायत असं मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

आता गॅसबद्दल थोडं, कारण इथं मात्र वेळ न घालवता निखळ पैसे वाचतात. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणजे झाकण न ठेवता आमटी खळाखळा उकळत ठेवली की आपण गॅस जाळून स्वयंपाकघराच्या खिडकीला वाफारा देत असतो. उकळतं पाणी शंभर अंशांच्या पुढं जात नाही, ज्योत कितीही मोठी करा. डाळ त्यानं लवकर शिजत नाही. कुकरचंही तेच. आतला दाब वाढल्यामुळं तिथं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ झटपट शिजते. पण शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर टाकणं. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढून आतलं तापमान वाढत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि मिनिटं मोजायची. डाळ आधी अर्धा तास भिजवलेली असेल तर मिनिटं आणखी कमी. कुकर उतरल्यावर लगेच शिट्टी उचलायची नाही. आतल्या उष्णतेचे पैसे दिलेले आहेत, ती फुकट घालवू नका.

आणि उरलेल्या भाताबद्दल एक इशारा. काटकसरीच्या नादात रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकू नका. शिजवूनही न मरणारे काही जंतू भातात असतात, बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर परतून जात नाही. दोन तासांच्या आत पसरट डब्यात गार करून फ्रीजमध्ये टाका, मग दुसऱ्या दिवशी खुशाल फोडणीचा भात करा. वाचवलेला मूठभर भात डॉक्टरच्या एका फीला महाग पडतो.

तर सध्याचा हिशेब. भाकऱ्यांचे २,४००, बाहेरून मागवलेलं १,९०० (महिन्यातून दोन शुक्रवार तरी साडेआठला आम्ही दोघंही हरतो, आणि हरू द्यावं असं ठरवलंय). एकूण ४,३००. म्हणजे वाचतात ७,१००. माझ्या पहिल्या योजनेपेक्षा २,२०० रुपये कमी. पण दुसऱ्या शीटवर ती आठवड्याला नऊ तास, मी साडेनऊ. (हो, अर्धा तास जास्त. मी कांदा हळू चिरतो.) मला विचाराल तर ते २,२०० रुपये म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात रास्त खर्च आहे. पहिल्या योजनेत ते वाचलेच नव्हते, बायकोच्या झोपेतून उसने घेतले होते.

यंदाच्या एप्रिलमध्ये परत गारगोटीला गेलो. मिरचीची देठं मी काढली. चार किलो. दुसऱ्या किलोलाच बोटं पेटली, डोळ्याला हात लागला, मग अर्धा तास नळाखाली. आई बाजूला पाटावर बसून बघत होती. "ऱ्हाऊ दे, मी करतो की," असं चारदा म्हणाली (आमच्याकडे बायकाही 'मी करतो'च म्हणतात). पाचव्यांदा म्हणाली नाही. चहा घेऊन टेकून बसली. एप्रिल महिन्यात चटणीच्या दिवशी आईला टेकून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिला विचारलं, "वर्षाला किती तास जात असतील गं तुझे?" ती हसली. "त्येचं काय मोजायचं?" मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर म्हणाली, "मोजलं असतं तर केलं नसतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

परवा रात्री साडेआठला फोन आला. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "जेवलास काय?" हल्ली आई विचारते, "आज पाळी कुणाची?" मी म्हटलं, माझी, पिठलं करतोय. "गुठळ्या होऊ देऊ नकोस, आच बारीक कर." मग मागून बाबांचा आवाज आला, काहीतरी विचारत होते. आई त्यांना म्हणाली, "एक वाटीला दोन वाट्या. आन् झाकण ठेवा."

मी विचारलं, काय चाललंय? आई म्हणाली, "काय न्हाई. तू तुझं बघ."